बर्फावरील वेगाचे खेळ आणि सावधगिरीचा धडा

विद्यार्थिमित्रहो, या लेखाचा मथळा वाचून आपणांपैकीं पुष्कळांस हसूं येईल. आपलें कोल्हापूर कोठें आणि बर्फ कोठें! वैशाखांत एखाद्या वळवाच्या पावसाबरोबर गारा पडल्या म्हणजे त्या वेंचण्यास आपण अंगणांत धांवतों; आकाशांतून पडणाऱ्या बर्फाशीं आपला परिचय तेवढाच. पौषांत थंडी फारच वाढली तर पहांटे रंकाळ्यावर धुकें दाटतें आणि ऊन वर आलें कीं तेंही विरून जातें. अशा गांवांतील मुलांपुढें बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळांची चर्चा कशासाठीं, असें कोणीही विचारील.

त्याचें कारण दुहेरी आहे. काश्मिरांतील गुलमर्ग, हिमाचल प्रदेशांतील सोलंग आणि उत्तराखंडांतील औली येथें बर्फावरील खेळ शिकण्यासाठीं आतां देशाच्या निरनिराळ्या भागांतून मुलें जातात. २०२० सालापासून खेलो इंडिया हिंवाळी क्रीडास्पर्धा भरूं लागल्या असून त्यांत महाराष्ट्राचे खेळाडूही भाग घेतात. म्हणजे आज जो विषय दूरचा वाटतो, तो उद्यां आपल्याच वर्गांतील एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या वाट्यास येणें अशक्य नाहीं. परंतु याहून महत्त्वाचें कारण दुसरें आहे. उताराचा व वेगाचा जो नियम आल्प्स पर्वतावर चालतो, तोच पन्हाळ्याच्या रस्त्यावरही चालतो. सृष्टीचे नियम गांव पाहून बदलत नाहींत. बर्फावर ते अधिक ठळकपणें दिसून येतात, एवढाच काय तो फरक. बर्फावर इतरांनीं जे धडे फार मोठी किंमत देऊन घेतले, ते आपण घरबसल्या शिकावे, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

हे खेळ कोणते?

हिंवाळी ऑलिंपिक सामने प्रथम १९२४ सालीं फ्रान्समधील शामोनी या गांवीं भरले. तेव्हांपासून बर्फावरील खेळांना जगभर मान मिळत गेला. त्यांत विशेष वेगाचे असे जे खेळ आहेत, त्यांची थोडक्यांत ओळख करून घेऊं.

पहिला खेळ स्कीइंगचा. पायांतील भक्कम बुटांस लांब, अरुंद व पुढील टोंकास वर वळलेल्या पट्ट्या अडकवून डोंगर उतरावयाचा, हें त्याचें स्वरूप. त्यांतील डाउनहिल नांवाच्या शर्यतींत ताशीं १२० ते १३० किलोमीटर हा वेग नित्याचा होय. स्वित्झर्लंडमधील वेंगेन येथील शर्यतींत २०१३ सालीं योहान क्लारे या फ्रेंच खेळाडूचा वेग ताशीं १६१.९ किलोमीटर मोजला गेला.

दुसरा प्रकार घसरगाड्यांचा. बर्फानें लिंपलेल्या, वळणावळणाच्या अरुंद पन्हळींतून या गाड्या खालीं जातात. ल्यूज नांवाच्या गाडीवर खेळाडू उताणा निजतो व त्याचे पाय पुढें असतात. स्केलेटन नांवाच्या गाडीवर तो पालथा निजतो व त्याचें डोकें पुढें असतें. बॉबस्ले ही बहुधा दोघांनीं किंवा चौघांनीं बसावयाची, होडीच्या आकाराची गाडी असते. या तिन्ही गाड्या ताशीं १३० किलोमीटरच्या आसपास, व कधीं त्याहूनही वेगानें धांवतात.

तिसरा खेळ बर्फाच्या सपाट रिंगणांत पोलादी पात्यांच्या स्केटवर धांवण्याचा. त्याचा वेग ताशीं ५० किलोमीटरच्या घरांत असला, तरी आखूड रिंगणाच्या शर्यतींत अनेक खेळाडू एकमेकांस खेटून वळतात आणि प्रत्येकाच्या पायास धारदार पातें असतें, हें विसरून चालणार नाहीं.

वेग येतो कोठून?

यांपैकीं स्की व घसरगाडी यांना यंत्र नाहीं, घोडा नाहीं, वल्हें नाहीं. मग एवढा वेग येतो कोठून? तो येतो उंचींतून. डोंगरावर चढलेला मनुष्य आपल्या ठायीं जणूं एक ठेव सांठवून ठेवतो. उतरतांना तीच ठेव वेगाच्या रूपानें परत मिळते. साध्या जमिनीवर या ठेवीचा मोठा भाग घर्षण खाऊन टाकतें. बर्फावर मात्र घासण्यानें उष्णता उत्पन्न होऊन पट्टीखालीं पाण्याचा अत्यंत पातळ थर तयार होतो आणि त्यावरून पट्टी सुळकन सरकते. घर्षण व वाऱ्याचा अडथळा मुळींच नाहीं असें क्षणभर धरलें, तर केवळ १०० मीटर उंची उतरल्यावर वेग ताशीं सुमारें १५९ किलोमीटर होतो, असें गणित सांगतें. प्रत्यक्षांत वारा पुष्कळ अडवतो, म्हणून वेग तितका होत नाहीं. पण धोक्याचें मूळ येथेंच आहे. उतरण्यास श्रम पडत नाहींत, म्हणून हा वेग फुकट मिळाल्यासारखा वाटतो. आणि जी वस्तु फुकट मिळते तिची किंमत मनुष्य सहसा विचारीत नाहीं.

हेंच गणित उलट करून पाहिलें म्हणजे ती किंमत कळते. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारा सायकलस्वार जर भिंतीवर आदळला, तर त्यास बसणारा आघात सुमारें ६ मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून, खालीं पडण्याइतका असतो. वेग दुप्पट करून ८० केला, तर ही उंची दुप्पट होत नाहीं, चौपट होते. ती सुमारें २५ मीटर भरते. ताशीं १४४ किलोमीटर वेगाचा आघात तर सुमारें ८२ मीटरवरून पडण्याइतका असतो. दिल्लीचा कुतुबमिनार सुमारें ७३ मीटर उंच आहे! त्या मिनाराच्या टोंकावर कठड्यावांचून उभें राहण्यास कोणी सहसा धजणार नाहीं. परंतु त्याहूनही अधिक धोक्याचा वेग मनुष्य हंसत हंसत अंगावर घेतो. कारण उघड आहे. उंची डोळ्यांस दिसते, वेगाचें तसें नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांनीं एक सूत्र पाठच करून ठेवावें : वेग दुप्पट, तर आघात चौपट.

याच्या जोडीस आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. समोर संकट दिसल्यापासून हात किंवा पाय हलेपर्यंत कांहीं काळ जातोच. तो एक सेकंद धरला, तर ताशीं ३६ किलोमीटर वेगाचा मनुष्य तेवढ्यांत १० मीटर पुढें गेलेला असतो व ताशीं १४४ किलोमीटर वेगाचा ४० मीटर. म्हणजे संकट दहा मीटरांवर येईपर्यंत जो गाफील राहिला, त्याचें शौर्य त्याच्या कांहींच उपयोगी पडत नाहीं.

तांबड्या मातीचा धडा

मग मनुष्यानें वेगाच्या वाटेस जाऊंच नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. आणि कोल्हापूरच्या माणसास तें शोभणारही नाहीं. राजर्षि शाहू महाराजांनीं उभारलेलें खासबाग मैदान ज्या नगरींत आहे, तेथील मुलांना धाडसापासून परावृत्त करणें म्हणजे माशाला पाण्याबाहेर राहण्याचा उपदेश करण्यासारखें होय. उलट, धाडस कसें करावें हें आपल्या तालमींनींच आपणांस शिकविलें आहे. कोणत्याही तालमींतील हौद्याची माती पाहा. ती नित्य खणतात, चाळतात. तींत ताक, तेल, हळद मिसळून ती मऊ ठेवतात. एवढा खटाटोप कशासाठीं? कुस्ती म्हटली म्हणजे दोघांपैकीं एक पडणारच, हें वस्तादास ठाऊक असतें. पडूं नकोस असें सांगून तो थांबत नाहीं. पडलास तरी हाडें शाबूत राहावीं अशी तजवीज तो आधीं करून ठेवतो. हीच खरी सावधगिरी.

मऊ मातीनें आघात कमी कां होतो, तेंही समजून घेण्याजोगें आहे. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें जाणारें डोकें कठीण फरशीवर एका सेंटिमीटराच्या आंत थांबलें, तर त्यावर त्याच्या वजनाच्या सुमारें ५०० पट जोर येतो. तेंच डोकें दहा सेंटिमीटर अंतरांत थांबलें, तर तो जोर ५० पटींवर येतो. वेग तोच, डोकें तेंच. परंतु थांबण्यास मिळालेलें अंतर निराळें, म्हणून परिणाम निराळा. ज्यास आपण हेल्मेट म्हणतों त्या शिरस्त्राणाचें रहस्य हेंच आहे. त्याच्या आंतील जाड अस्तर आघाताबरोबर चेंगरतें आणि डोक्यास थांबण्यासाठीं थोडेंसें अंतर मिळवून देतें. अस्तर एकदां चेंगरलें कीं त्याचें काम संपलें. म्हणून ज्यानें जोराचा आघात सोसला आहे असें शिरस्त्राण बाहेरून धड दिसलें, तरी पुन्हां वापरूं नये. बर्फावरील शर्यतीच्या कडेस लावलेल्या जाळ्या, खांबांभोंवतीं बांधलेल्या गाद्या, हीं सर्व साधनें याच तत्त्वावर चालतात. तीं तालमींतील मऊ मातीचींच भावंडें होत.

प्रत्येक नियमामागें एक जीव

आज जीं साधनें आपणांस सहज दिसतात, त्यांपैकीं अनेकांमागें कोणाचा ना कोणाचा प्राण गेलेला आहे. १९६४ सालीं ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें हिंवाळी ऑलिंपिक सामने भरले. आपल्या देशाच्या वतीनें या सामन्यांत प्रथमच एक खेळाडू उतरला, तो त्याच वर्षीं. जेरेमी बुयाकोव्स्की हें त्याचें नांव. परंतु उद्घाटनापूर्वींच सरावाच्या दिवसांत दोन खेळाडू मृत्युमुखीं पडले. त्यांपैकीं रॉस मिल्न हा ऑस्ट्रेलियाचा तरुण स्की खेळाडू मार्गाबाहेर जाऊन झाडावर आदळला. दुसरा ब्रिटनचा ल्यूज खेळाडू होता. ल्यूजचा ऑलिंपिकमध्यें समावेश त्याच वर्षीं पहिल्यांदा झाला होता.

१९९१ सालीं वेंगेन येथें गेर्नोट राइनश्टाडलर हा २० वर्षांचा ऑस्ट्रियन खेळाडू मार्गाच्या अखेरीस तोल जाऊन कडेच्या जाळीवर गेला. त्याच्या स्कीचें टोंक त्या जाळींत अडकलें आणि त्यांतच त्याचा अंत झाला. जी जाळी रक्षणासाठीं लावली, तीच घातास कारण झाली. आतां मोठ्या शर्यतींतील अशा जाळ्यांच्या खालच्या भागावर गुळगुळीत कापड असतें, म्हणजे स्कीचें टोंक त्यांत न रुततां घसरून जातें. साधन आहे एवढ्यावर समाधान मानूं नये. तें साधन प्रसंगीं कसें वागेल, याचाही विचार आधीं केला पाहिजे, हा धडा या घटनेनें दिला.

तिसरी गोष्ट २०१० सालची. कॅनडांतील व्हॅनकूव्हर येथील सामन्यांचें उद्घाटन १२ फेब्रुवारीस व्हावयाचें होतें. त्याच दिवशीं व्हिसलर येथील मार्गावर जॉर्जिया देशाचा नोदार कुमारिताश्विली हा २१ वर्षांचा ल्यूज खेळाडू सराव करीत होता. अखेरच्या वळणावर त्याचा ताबा सुटला, तो पन्हळीच्या कांठावरून बाहेर फेंकला गेला आणि कडेच्या उघड्या पोलादी खांबावर आदळून मरण पावला. त्या वेळीं त्याचा वेग ताशीं १४० किलोमीटरहून अधिक होता. वळणांतून बाहेर पडण्यास खेळाडूनें उशीर केला, मार्गांत दोष नव्हता, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. तथापि दुसऱ्याच दिवशीं तेथें काय दिसलें? त्या वळणाची भिंत उंच केलेली होती, खांबांभोंवतीं गाद्या बांधल्या होत्या आणि पुरुषांची शर्यत अधिक खालच्या जागेवरून सुरू करण्याचें ठरलें होतें.

या घटनेवर आमच्या वाचकांनीं थोडें थांबून विचार करावा, अशी आमची विनंति आहे. खेळाडूच्या हातून चूक झाली असेल. माणसाच्या हातून चुका होतातच. प्रश्न असा कीं, एका क्षणाच्या चुकीस मृत्यु ही शिक्षा असावी काय? भिंत हातभर उंच असती, खांब उघडा नसता, तर तीच चूक कदाचित् कांहीं जखमांवर निभावली असती. चूक कोणाची, हें ठरविण्यांत आपण फार वेळ घालवितों. चूक झाली तरी जीव वांचावा, अशी व्यवस्था करण्यांत मात्र फार थोडा.

आतां चौथें उदाहरण. मिखाएल शुमाकर हा जर्मन मोटारपटु ताशीं ३०० किलोमीटर वेगाच्या शर्यतींत सात वेळां जगज्जेता झाला. तो २९ डिसेंबर २०१३ रोजीं फ्रान्समधील मेरिबेल येथें स्कीइंग करीत असतां, आंखून दिलेल्या दोन मार्गांच्या मधल्या भागांत गेला, बर्फाखालीं दडलेल्या खडकामुळें पडला आणि त्याचें डोकें दुसऱ्या खडकावर आपटलें. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण होतें. वेगही, चौकशींत सांगितल्याप्रमाणें, चांगल्या खेळाडूस साजेसाच होता. तरीही मेंदूस फार मोठी इजा झाली. आंखलेल्या मार्गावरील खडक कोणीतरी पाहून ठेवलेले असतात. मार्ग सोडला कीं त्या पाहणीचा आधार सुटतो, आणि मग जगज्जेतेपणही मदतीस येत नाहीं.

बर्फाची दरड

वेगाखेरीज बर्फांत आणखी एक संकट असतें, तें म्हणजे हिमस्खलन. आपल्या घाटांत पावसाळ्यांत दरड कोसळते, तशीच पर्वतावर बर्फाची दरड कोसळते. जुन्या बर्फाच्या थरावर नवा थर पडतो. दोहोंची पकड घट्ट नसली, तर माणसाच्या किंवा स्कीच्या भारानेंही वरचा थर एकदम सुटतो. ३० ते ४५ अंशांचा उतार याला विशेष अनुकूल, आणि स्की खेळणाऱ्यांस आवडणारा उतारही बहुधा तोच!

गुलमर्गजवळील खिलनमर्ग येथें ८ फेब्रुवारी २०१० रोजीं अशीच दरड कोसळून शिक्षण घेत असलेले आपल्या सैन्याचे १७ जवान मृत्यु पावले. तेथील अफरवट पर्वतावर १ फेब्रुवारी २०२३ रोजीं पोलंडचे दोन स्की खेळाडू, आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजीं रशियाचा एक, असेच दगावले. हे सर्व जण शरीरानें धडधाकट होते. यावरून हें स्पष्ट होतें कीं, बर्फाची दरड मनुष्याचें बळ पाहत नाहीं.

यावर उपाय काय? नुकताच पुष्कळ बर्फ पडला असेल, किंवा स्थानिक अधिकाऱ्यांनीं इशारा दिला असेल, तर उतारावर न जाणें, हा पहिला व सर्वांत मोठा उपाय. आंखलेल्या मार्गाबाहेर जावयाचेंच असेल, तर तेथील वाटाड्या बरोबर घ्यावा, आणि प्रत्येकाजवळ तीन वस्तु असाव्या : गाडल्या गेलेल्या माणसाचा ठाव सांगणारें संदेशयंत्र, बर्फांत खुपसून पाहण्याची लांब काठी व फावडें. बर्फाखालीं सांपडलेल्यांपैकीं पहिल्या दहापंधरा मिनिटांत जे बाहेर काढले जातात त्यांतील बहुतेक वांचतात. त्यानंतर आशा झपाट्यानें मावळते. तेवढ्या वेळांत खालच्या गांवांतून मदत पोंचणें कठीण असतें. वांचवणारा तो बरोबरचा सोबतीच.

उतारावरील शिष्टाचार

आंतरराष्ट्रीय स्की महासंघानें स्की खेळणाऱ्यांसाठीं वर्तनाचे दहा नियम ठरवून दिले आहेत. त्यांतील मुख्य असे : आपल्या वर्तनानें दुसऱ्यास इजा होऊं देऊं नये. आपलें कौशल्य, उतार, बर्फ, हवा आणि गर्दी पाहून वेग ठेवावा. जो वरून किंवा मागून येतो त्यानें खालच्या माणसास सांभाळून आपली वाट निवडावी, कारण खालच्याच्या पाठीस डोळे नसतात. ओलांडून जातांना पुरेशी जागा सोडावी. निघण्यापूर्वीं वर आणि खालीं पाहावें. अरुंद जागीं किंवा वळणाआड मध्येंच थांबूं नये. पडलों तर शक्य तितक्या लवकर कडेस व्हावें. खुणा व पाट्या मानाव्या. अपघात झाला तर मदत करणें हें प्रत्येकाचें कर्तव्य समजावें.

वाचकहो, या नियमांत बर्फ हा शब्द गाळून पाहा. मग हे नियम कोणत्या रस्त्यास लागूं नाहींत?

बर्फावर जाणाऱ्यानें साधनांविषयींही दक्ष असावें. शिरस्त्राण मापाचें असावें व त्याचा पट्टा हनुवटीखालीं बांधलेला असावा. बूट व स्की यांस जोडणारा खटका शिक्षकाकडून आपल्या वजनास व कौशल्यास जुळवून घ्यावा, म्हणजे पडल्यावर स्की सुटून पाय वांचतो. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हानें डोळे दुखावतात, यास्तव काळा चष्मा हवा. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरांहून उंच आहे. तेथें पोंचल्याबरोबर धांवपळ न करतां शरीरास त्या हवेची संवय होऊं द्यावी. थकवा आल्यावर "आतां एकच शेवटची फेरी" हा मोह टाळावा. दमलेले पाय वळण चुकवितात.

आपल्या घाटांत

आतां बर्फ सोडून आपल्या घराकडे वळूं. आपल्या देशाचा शिव केशवन हा ल्यूज खेळाडू १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा हिंवाळी ऑलिंपिक सामन्यांत खेळला. आपल्या देशांत ल्यूजचा बर्फाळ मार्ग नसल्यामुळें त्यानें घसरगाडीस चाकें लावून हिमालयांतील रस्त्यांवर सराव केला. त्याच्या चिकाटीचें आम्हांस कौतुक आहे. परंतु वाहता रस्ता ही खेळण्याची जागा नव्हे, हेंही तितकेंच खरें. मुलांनीं चिकाटी घ्यावी, रस्ता घेऊं नये. या उदाहरणावरून एवढें मात्र कळतें कीं, बर्फावरील उतार आणि डांबरी उतार यांच्यांत फक्त चाकांचें अंतर आहे.

कोल्हापुराहून पन्हाळा सुमारें २० किलोमीटर. रविवारीं पहांटे सायकलींनीं वर जाणें व ऊन चढण्यापूर्वीं उतरून येणें, हा हिंवाळ्यांतील एक उत्तम व्यायाम होय. जोतिबाचा डोंगर, आंबा घाट, गगनबावडा येथेंही मुलें जातात. चढतांना कोणास इजा होत नाहीं; तेथें घाम गळतो. उतरतांना तोच घाम वेग होऊन परत मिळतो, आणि धोका तेथें असतो. त्यांत हिंवाळा म्हणजे आपल्याकडे उसाचा हंगाम. पहांटेच्या धुक्यांत उसानें लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या संथ चाललेल्या असतात. कित्येकांच्या मागें दिवा नसतो. रस्त्यावर सांडलेलीं कांडकीं व पाचट चाकाखालीं आलें तर सायकल निसटते. बर्फाखालीं दडलेल्या खडकाचेंच हें आपल्याकडील रूप नव्हे काय?

यासाठीं पुढील गोष्टी पाळाव्या. निघण्यापूर्वीं दोन्ही ब्रेक, चाकें व साखळी तपासावी. जेवढा रस्ता डोळ्यांस दिसतो तेवढ्यांत थांबतां येईल इतकाच वेग ठेवावा. धुक्यांत रस्ता दहा मीटर दिसत असेल तर सायकलीवरून उतरून कडेनें चालण्यांत कमीपणा नाहीं. वेग वळणापूर्वीं कमी करावा, वळणांत एकदम ब्रेक दाबूं नये. दोन्ही ब्रेक मिळून हळूहळू लावावे. केवळ पुढचा आंवळल्यास सायकल उलटण्याचा संभव असतो. पुढच्या सायकलींत व आपल्यांत पुरेसें अंतर राखावें. चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस हात धरून जाण्याची खोड कित्येक मुलांस असते. ती मृत्यूच्या बोटास धरून चालण्यासारखी आहे. सायकलीस मागें तांबडा दिवा व अंगावर उजळ रंगाचा सदरा असावा. चाकांच्या स्केटवर खेळणाऱ्यांनीं मनगट, कोपर व गुडघे यांस संरक्षक पट्टे बांधावे, आणि खेळ मैदानांतच करावा, रहदारीच्या उतारावर नव्हे.

अपघात झालाच, तर गोंधळूं नये. मागून येणाऱ्या वाहनांस प्रथम थांबवावें आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल, तर जखमी माणसास उठवून बसवूं नये, हलवूं नये, त्याचें शिरस्त्राण ओढून काढूं नये. रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ कापड दाबून धरावें. डोक्यास मार बसलेल्या मुलानें "मला कांहीं झालें नाहीं" असें म्हटलें, तरी त्यास त्या दिवशीं पुन्हां खेळूं देऊं नये. वांती, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा बोलण्यांत असंबद्धपणा दिसल्यास विनाविलंब इस्पितळांत न्यावें.

पालकांस दोन शब्द

पालकवर्गासही आमचें कांहीं सांगणें आहे. मुलास सायकल घेऊन देतांना शिरस्त्राण त्याच दिवशीं, त्याच दुकानांतून घ्यावें. "पुढें पाहूं" असें म्हटलें कीं तो दिवस उजाडत नाहीं. तें वाढत्या अंगाचें म्हणून सैल घेऊं नये. कपाळ झांकून भुंवयांच्या वर दोन बोटें राहील, व पट्टा बांधल्यावर डोकें हलविलें तरी जागचें हलणार नाहीं, असेंच असावें. मुलास बर्फाच्या प्रदेशांत शिक्षणवर्गास पाठवितांना शुल्काची चौकशी करावी, त्याआधीं शिक्षक किती, साधनें कशीं आणि इस्पितळ किती दूर, हें विचारावें. आणि मुलगा घाट उतरून आल्यावर "किती मिनिटांत आलास?" हा प्रश्न शक्य तों विचारूं नये. मुलें आपल्या प्रश्नांवरून आपली पसंती ओळखतात. ब्रेक कसे लागले, रस्ता कसा होता, बरोबरचे सर्व आले काय, असें विचारलें तर पुढच्या खेपेस त्यांचें लक्ष त्या गोष्टींकडे जाईल.

शेवटीं पुन्हां मुलांस एवढेंच सांगावयाचें. भीति आणि सावधगिरी या दोन निराळ्या वस्तु आहेत. भित्रा मनुष्य हौद्यांत उतरतच नाहीं. अविचारी मनुष्य फरशीवर कुस्ती खेळतो. शहाणा मल्ल आधीं माती खणतो आणि मग शड्डू ठोकतो. तुम्ही खुशाल डोंगर चढा, घाट उतरा, संधि मिळाली तर गुलमर्गच्या बर्फावरूनही वाऱ्यासारखे जा. परंतु निघण्यापूर्वीं स्वतःस एक प्रश्न विचारा : आज माझ्या हातून चूक झाली, तर मला व दुसऱ्यास वांचविण्यासाठीं मीं काय तयारी केली आहे? त्याचें उत्तर देतां आलें तर निघा. देतां आलें नाहीं, तर ती तयारी करून मग निघा. डोंगर कोठें जात नाहीं.